भाऊजींची मंगलाष्टकं आणि रुसलेला प्रिंटर

माझे भाऊजी चिंतामणी हे कवी आहेत, असं ते स्वतः म्हणतात. आदिलाबादेत त्यांना कोणी नाही म्हटलेलं नाही. नाही म्हणायचं तर आधी कविता वाचावी लागते, आणि एवढा वेळ कोणाला आहे? शिवाय त्यांनी जन्मभरात कविता केली ती एकच, मंगलाष्टकं. ती आठ कडवी इकडे बोथपासून तिकडे निर्मलपर्यंत मराठी घरांतल्या लग्नांत वर्षानुवर्षं गायली जातात, आणि दर लग्नात भाऊजी छातीवर हात ठेवून सांगतात की ही खास याच मुलीसाठी लिहिली.

मी कौशल्या, त्यांची मेहुणी. त्यांची बायको वनमाला ही माझी थोरली बहीण. मी आदिलाबादेतच, मावल्यात राहते, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मराठी शाळेत शिकवून रिटायर झाले, म्हणजे मला मराठी वाचता-लिहिता येतं. आमच्या घरात आता ही सांगण्यासारखी गोष्ट झाली आहे. त्यामुळे भाऊजींचं काव्य तपासायला हटकून माझ्याकडे येई, आणि मी एखादी चूक दाखवली की ते कागद ओढून घेत म्हणत, "कौशल्या, तुले काव्यातलं काय समजते? तू गनित शिकोलं."

भाऊजी सरकारी दफ्तरात हेडक्लार्क होते. दफ्तरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीच्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि कपड्यानं झाकून ठेवलं. कपडा काढला तो भाऊजींनी. त्यात 'शारदा' नावाचा प्रोग्राम होता, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारा. तो घेतला होता तेलुगू पत्रव्यवहारासाठी, पण एक बटण दाबलं की तेलुगूच्या जागी मराठी अक्षरं येत. हे बटण साऱ्या दफ्तरात भाऊजींनाच सापडलं, कारण तेलुगू अक्षरं त्यांना येतच नव्हती. बोलतात फर्डं. भाजीवालीशी घासाघीस करताना ऐका, हा माणूस मराठी आहे असं कोणी म्हणणार नाही. वाचायचं मात्र नाव नको. उभी नोकरी त्यांनी तेलुगू मिसलींवर, म्हणजे फायलींवर, सह्या करण्यात काढली. सही कुठे करायची तेवढं शिपाई बोट ठेवून दाखवायचा. खात्याची तेलुगूची परीक्षा ते कसे पास झाले, हे त्यांनी आम्हाला सांगितलेलं नाही आणि आम्ही विचारलेलं नाही.

पुढे दफ्तरात नवे कॉम्प्युटर आले आणि जुना भंगारात लिलावाला निघाला. भाऊजींनी बोली लावली. दुसरा कोणी बोली लावायला आलाच नव्हता, तरी त्यांनी स्वतःचीच बोली दोनदा वाढवली. कॉम्प्युटर, त्याचा ठिपक्याठिपक्यांनी छापणारा प्रिंटर, त्या दोघांची वायर, असा सगळा संसार रिक्षात घालून घरी आला. तेव्हापासून दिवाणखान्यातलं मोठं टेबल त्याचं, आणि ताई चहाचे कप खिडकीत ठेवते.

शारदेतली भाऊजींची लाडकी आज्ञा म्हणजे 'बदला'. जुनं नाव टाकायचं, नवं नाव टाकायचं, बटण दाबायचं. आठही कडव्यांतली नवरी बदलली. मग नवरदेव, मग आडनावं. चहा निवायच्या आत खास त्या मुलीसाठी लिहिलेलं काव्य तयार. एकदा राम नावाच्या मुलाच्या जागी पंकज नावाचा मुलगा घालायचा होता. शारदेनं आज्ञेप्रमाणे सगळे राम काढून पंकज घातले, त्यामुळे शेवटच्या कडव्यात 'संसारी सुख लाभु दे, मग करा आराम' असं होतं तिथे 'मग करा आपंकज' असं आलं. मंडपात पाचपन्नास माणसांनी ते गायलं. कोणाला काही वावगं वाटलं नाही. उलट मुलाचा बाप म्हणाला, शब्द जरा जड आहेत, पण मोठ्या काव्यात असतातच.

पहिल्या कडव्याची पहिली ओळ मला अजून टोचते. 'उपवर रूपाली मंडपी आज आली.' रूपाली म्हणजे त्या वेळची नवरी. तिथे कधी सुनंदा येई, कधी दुसरं कोणी. नाव कोणतंही असो, चाल तिथे लंगडायची. कोणी 'रूऽपाली' करून ओढायचं, कोणी मध्ये 'ती' घालून वेळ मारून न्यायचं. माझ्या लग्नातही माझ्याच नावाशी सगळे ठेचकाळले होते. तेव्हा शारदा नव्हती, भाऊजी हातानं नाव बदलत. मी दरवेळी म्हणायची, "भाऊजी, ही ओळ दुरुस्त करा," आणि दरवेळी मला माझं गणित ऐकवलं जाई.

ताईचं दुखणं वेगळं होतं. "गावातल्या साऱ्या पोरीयसाठी गानं लिवलं या मानसानं," ती भाकरी थापता थापता म्हणायची, "माझ्यासाठी एक ओळ नाई. माझ्या लग्नात भटजीनं आपली नेहमीची म्हटली अन् मोकया झाला."  भाऊजी यावर उठून शारदेवरची धूळ पुसत. मला वाटे, किती निबर माणूस आहे हा.

तर यंदा त्यांच्या नातीचं, मयूरीचं लग्न ठरलं. मुलगा बोथचा, नाव जीवन. बोलणी झाली, साखरपुडा झाला, आणि भाऊजींनी जाहीर केलं की मयूरीच्या लग्नात मंगलाष्टकं त्यांचीच होतील, शारदेतूनच निघतील आणि घरच्या पोरीच गातील. जे साऱ्या जिल्ह्यात वाटलं, ते नातीला नाही मिळालं, तर एवढा जन्म कशासाठी घालवला?  मला हसू येणार होतं, ते आलं नाही.

अडचण एवढीच की त्यांचा प्रिंटर केव्हाच म्हातारा झाला होता. त्याची शाईची फीत बाजारातून गेली. भाऊजी जुन्याच फितीला शिक्क्याची शाई पाजत होते. त्यात छापणाऱ्या सुयांपैकी सगळ्यांत वरची सुई तुटली, आणि अक्षरांची शिरोरेषाच जायला लागली. डोकं उडालेली, गोल गोल अक्षरं. ताईनं कागद हातात घेऊन लांब धरून पाहिला. "आवो, हे त तेलुगू दिसून राह्यलं." भाऊजी त्या दिवशी जेवायला उशिरा आले. मग एका सकाळी प्रिंटरनं एक मोठा कर्कश आवाज केला, कागद निम्मा गिळला, आणि कायमचा गप्प झाला.

त्यांचा मुलगा आलोक, म्हणजे मयूरीचा बाप, बँकेत आहे. त्यानं नवा प्रिंटर आणला. पांढरा, गुळगुळीत, कुठेही बटण नसलेला. तो चालू झाल्यावर आधी घरचं वायफाय मागू लागला. मग आलोकचा ईमेल, मग फोनमधलं एक ॲप, मग तुम्ही कुठे आहात ते कळू द्या म्हणाला.

"माह्या ठावठिकाना त्याले कायले पायजे?" भाऊजी ओरडले. "मी त्याच्यासमोरच उभा हावो!"

सगळं देऊन झाल्यावर त्यानं कळवलं की पिवळी शाई कमी आहे, म्हणून काळं छापता येणार नाही. सरकारी दफ्तरात उभा जन्म काढलेल्या माणसालाही हे कारण नवीन होतं. भाऊजी थोडा वेळ त्या प्रिंटरकडे आदरानं बघत राहिले.

बरं, पिवळी शाई आली तरी शारदेची आणि त्याची सोयरीक जुळेना. शारदेला ठाऊक होती ती एकच जुनी वायर, पंज्याएवढ्या तोंडाची. नव्या प्रिंटरला तसलं भोकच नव्हतं. शेवटी आलोक कंटाळला. "बाबा, डीजेवाल्यापाशी मंगलाष्टकाचं रेकॉर्डिंग हाये. मस्त बाईचा आवाज हाये. कोनाचं नावबी टाका लागत नाई."

भाऊजींचा चेहरा पडला. "नावच नाई, त ते लग्न कोनाचं?"

मयूरी पोरगी समजूतदार. तिनं मध्ये पडून तोड काढली. "आबाजी, हळदीच्या दिवशीपरेंत कागद हातात द्या. यामिनी अन् बाकीच्या पोरी गातीन. कागद नाई आला, त मंग रेकॉर्डिंग." यामिनी म्हणजे मयूरीची धाकटी बहीण, आवाजानं गोड. भाऊजींनी नातीचा हात धरून ही शर्त मंजूर केली. म्हणजे आता सगळा प्रश्न एका कागदाचा होता.

मी म्हटलं, "भाऊजी, पडद्यावर बघून मी हातानं लिहून देते. दहा मिनिटांचं काम." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी जणू नवरीला पायी सासरी धाडा म्हणाले. "हातानं? लग्नाचं काव्य हाये, धोब्याचा हिशोब नाई." मी पदर खोचून स्वयंपाकघरात गेले. शहाण्या माणसाला मदत करू नये, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग राजकुमार आला. बसस्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. सगळ्या शहराचे आधार, जातीचे दाखले, शेतीची पासबुकं त्याच्या हातून जातात, त्यामुळे तो स्वतःला अर्धा तहसीलदार समजतो. घरात मराठी बोलतो, शाळा तेलुगूत झाली, गिऱ्हाइकाशी हिंदी. त्यानं शारदेला प्रदक्षिणा घातली, शिट्टी वाजवली आणि म्हणाला, "आबाजी, हे त म्युझियमचा माल हाये. पन सरे, ठीक हाये, होऊन जाईन."

त्यानं हैदराबादहून एक वायर मागवली, एका बाजूनं जुनी, दुसऱ्या बाजूनं नवी. ती लावली. घरातले सगळे जमले. भाऊजींनी शारदेत मयूरीचं नाव आधीच घालून ठेवलं होतं, पडद्यावर ते हिरवंगार चमकत होतं. त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. नवा प्रिंटर घुमला, आणि त्यातून कागद निघायला लागले. एकावर हसरे चेहरे आणि बदामचे पत्ते. पुढच्यावर इस्पिक, आडव्या-उभ्या रेघा, आणि उलटी प्रश्नचिन्हं. तिसऱ्यावर फक्त एक हसरा चेहरा, अगदी मधोमध.

ताईनं तो कागद निरखून पाहिला. "लग्नाचंच हाये म्हना. बदाम त येऊन राह्यले."

"चूप बस!" भाऊजी म्हणाले.

प्रिंटर थांबेना. आलोकनं वायर उपटली, तरी तो हसरे चेहरे ओकतच राहिला. वायफायवरून छापतोय की काय म्हणून वायफाय बंद केलं, तर शेजारच्यांच्या घरी टीव्ही बंद पडला आणि ते भांडायला आले. तेव्हा कळलं की इतके दिवस आमचं वायफाय त्यांच्याकडे चालू होतं. असा प्रिंटरमुळे एक तरी फायदा झाला.

राजकुमार हार मानणारा नव्हता. "आबाजी, प्रिंटर ह्या मशीनची भाषा समजत नाई. मशीनच्या आतली डिस्क मले द्या. मी दुकानात माह्या कॉम्प्युटरमधी टाकून काव्य बाहेर काढतो, अन् तिथूनच छापून आनतो." भाऊजींनी डिस्क द्यायला आधी नामंजूर म्हटलं. मग हळद जवळ आली. राजकुमारनं स्क्रू काढून डबा उघडला तेव्हा आत पालीची वाळलेली अंडी आणि कितीतरी वर्षांची धूळ निघाली. भाऊजी पाठ फिरवून उभे राहिले. डिस्क त्यांनी स्वतः मयूरीच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून दिली आणि राजकुमारला म्हणाले, "मोटरसायकल हळू चालवजो."

हळदीच्या दिवशी दुपार उलटली तरी राजकुमारचा पत्ता नव्हता. अंगणात बायका हळद लावत होत्या, पोरी नाचत होत्या, भाऊजी फाटकाशी उभे. आलोकनं मला खुणेनं सांगितलं की डीजेवाल्याला फोन करून ठेवतो. तेवढ्यात राजकुमार आला, काखेत कागदांचा हा एवढा गठ्ठा. कागद जाड, चकचकीत, वर रंगीत गणपती, कडेनं वेलबुट्टी. भाऊजींनी वरचा कागद घेतला, चष्मा नाकावर सरकवला, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

सगळं तेलुगू होतं. गणपतीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

"हे काय आनलं बे?" भाऊजी म्हणाले. "माह्या मराठीचं तेलुगू केलं तुनं?"

राजकुमारनं कागद घेऊन पाहिला. त्याला त्यात काही चूक दिसेना. "आबाजी, भाषा तुमचीच हाये ना. नुसती अक्षरं तेलुगू हायेत. तुमच्या त्या शारदेमधी अक्षरं ठेवतच नाईत, नुसते नंबर ठेवतात. क ले एक नंबर, ख ले दुसरा. तो क मराठी काढाचा का तेलुगू, हे मांगून सांगा लागते. माह्या दुकानात सारं तेलुगूतच राह्यते. मी वाचून पाह्यलं, बराबर वाटलं, छापलं."

"बराबर वाटलं!" भाऊजींनी गठ्ठा ओसरीवर आपटला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायला ते आणखी ओरडत होते. "तीस वर्स मी ते बटन दाबून मराठी केलं. अन् माह्या नातीच्या लग्नात हे!"

अंगणातला नाच थांबला. यामिनी हळदीच्या हातानंच पुढे आली. तिनं एक कागद उचलला, आणि सहज, आपण दुकानाची पाटी वाचतो तसं वाचायला लागली. नवरीच्या लाजेचं कडवं, मग आईच्या डोळ्यातल्या पाण्याचं, मग सासरच्या उंबऱ्याचं. शुद्ध मराठी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. बाकीच्या पोरी तिच्या खांद्यावरून बघत तिच्याबरोबर वाचू लागल्या. मयूरी पाटावर हळदीनं माखलेली बसली होती, ती ऐकत रडायला लागली. त्या पोरींच्या तोंडून ती कडवी ऐकताना मलाही पहिल्यांदा वाटलं की यात काहीतरी आहे.

"अक्का, किती मस्त हाये गं हे!" यामिनी बहिणीला म्हणाली. "आबाजीनं लिवलं?"

राजकुमार ओशाळून म्हणाला, "मी आत्ता जातो. मराठीत छापून आनतो. उलीसा टाइम लागीन."

"कायले?" यामिनी म्हणाली. "मराठीत छापलं त आमी वाचू कसं? आमाले कुठी येते?"

 घरात सगळ्यांना ही गोष्ट माहीत होती. या पोरी तेलुगू आणि इंग्रजी शाळांत शिकल्या. मराठी बोलतात, मराठीत भांडतात, पण मराठी अक्षर एकीला येत नाही. मी स्वतः मराठी शाळेची मास्तरीण, मला माहीत नाही? आणि तरी आम्ही सगळे, वायरी मागवत, शाया भरत, डबे उघडत, जिवाचा आटापिटा करत होतो, तो गाणाऱ्यांपैकी कोणालाच वाचता येणार नाही असा कागद छापण्यासाठी. राजकुमारच्या हातून चूक झाली नसती, तर हळदीच्या दिवशी मराठीतला सुंदर कागद आला असता आणि लग्नात डीजेची बाई गायली असती.

भाऊजी ओसरीच्या पायरीवर बसले. राजकुमारला त्यांची कीव आली असावी. "आबाजी, तुमच्यापुरता एक मराठीत काढू?"

भाऊजींची मान ताठ झाली. "मले कागद कायले पायजे? माहंच काव्य हाये. तोंडपाठ हाये."

मी ताईकडे पाहिलं, ताईनं माझ्याकडे. ज्या माणसाला बाजारातून आणायच्या तीन वस्तू लक्षात राहत नाहीत, त्याला आठ कडवी पाठ!  पण पोरी गाणार हे ठरलं होतं, तेवढ्यावर सगळे खूश होते.

लग्न हायवेच्या कडेच्या फंक्शन हॉलमध्ये. बोथची वऱ्हाडी मंडळी जीपगाड्यांतून आली, डीजेनं छत हादरवलं, आणि मुहूर्ताच्या वेळी आलोकनं त्याला हात जोडून गप्प केलं. अंतरपाट धरला. अलीकडे मयूरी, तिच्या मागे ताई मुठीत अक्षता घेऊन. पलीकडे जीवन. स्टेजच्या कडेला पोरी ओळीनं तेलुगू कागद धरून उभ्या. त्यांच्या मधोमध माईक घेऊन भाऊजी, नवा सदरा, कडक इस्त्री. हातात त्यांनीही एक कागद धरला होता, शोभेला. वर गणपती होता म्हणून बरं, नाहीतर सुलटा कोणता हेही कळलं नसतं.

भाऊजींनी घसा खाकरला. पहिल्या दोन ओळी त्यांनी एकट्यानं म्हणायच्या आणि मग पोरींनी उचलायचं, असं ठरलेलं. त्यांनी डोळे मिटले आणि सूर लावला.

"उपवर वनमाला मंडपी आज आली,
नयनि भरुन लज्जा, पावले मंद झाली..."

मी आधी नाव ऐकलंच नाही. मी ऐकली ती चाल. इतकी वर्षं, इतक्या लग्नांत जी ओळ लंगडत होती, ती सरळ वाहत गेली. कुठे ओढावं लागलं नाही, कुठे 'ती' घालावं लागलं नाही. नाव तिथे असं बसलं की ओळ त्याच नावासाठी केली असावी. आणि मग मला कळलं की ती त्याच नावासाठी केली होती.

पोरींनी पुढची ओळ उचललीच नाही. त्यांच्या कागदावर मयूरी होतं. जीवननं अंतरपाटावरून डोकं काढून नवरी तीच आहे ना, हे बघून घेतलं. त्याच्या आजोबांना, चंपतरावांना कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्यानं बोलतात. "वनमाला कोन व्हय?" त्यांनी साऱ्या हॉलला विचारलं. "पोरीचं नाव त मयूरी सांगतलं होतं!"

"माही बायको व्हय," भाऊजी माईकमध्ये म्हणाले. त्यांना माईक बंद करायचं भान नव्हतं. मग त्यांनी डोळे उघडले, हातातल्या कागदाकडे पाहिलं, त्यातलं त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि त्यांनी माईक यामिनीला देऊन टाकला.

यामिनीनं पुन्हा सुरुवात केली. मयूरीच्या नावाशी ओळ नेहमीसारखी अडखळली, पण पोरींनी ती हसत सावरून घेतली, आणि आठही कडवी अशी गायली की डीजेवाला आपल्या खोक्यावर बसून मोबाइलमध्ये रेकॉर्ड करत होता. दर कडव्याला 'सावधान' म्हटलं की अक्षता नवरा-नवरीवर पडत. मी ताईकडे बघत होते. तिनं मूठ उघडलीच नाही. आठव्या 'सावधान'ला तिनं हात वर केला, वळली, आणि मुठीतल्या सगळ्या अक्षता भाऊजींच्या तोंडावर फेकल्या. जोरात. त्यांच्या चष्म्यात तांदूळ अडकले.

जेवणाच्या वेळी मी भाऊजींना कोपऱ्यात गाठलं. ताई शेजारी ताट घेऊन बसली होती, तिकडे लक्ष नाही असं दाखवत.

"भाऊजी, हे कधी लिहिलंत?"

ते वांग्याची भाजी ताटात फिरवत राहिले. "लग्नाच्या आंधी. भटजीले देऊन म्हनवून घ्यावं म्हनून खिशात ठेवलं होतं. बापानं पाह्यलं. म्हने, नवरदेवानं सोताच्याच बायकोवर गानं लिवलं, हे लोकाइले समजलं त मी तोंड कुठी दाखवू? मंग खिशातच राह्यलं."

"आणि नंतर?"

"मंग दफ्तरातल्या केशवरावच्या बहिनीचं लग्न निघालं. कायतरी लिवून दे म्हने. नवं सुचे ना. हेच काढलं, नाव बदललं." त्यांनी भाजीतलं वांगं बाजूला केलं. "मंग बदलतच राह्यलो."

"मग ताईला कधी सांगितलं का नाही? ती जन्मभर बोलत राहिली ना?"

"लाज वाटली. सांगाव त केवा सांगाव? आंधी तिच्या नावाचं साऱ्या गावात वाटून बसलो होतो."

ताईनं ताट खाली ठेवलं. तिचे डोळे भरलेले आणि आवाज चढलेला. "म्हंजे माह्या नावावर साऱ्या जिल्ह्याच्या पोरी नांदून राह्यल्या! अन् मी इकडं भाकरी थापून राह्यली!" आसपासचे लोक बघायला लागले. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मले ते पायजे. माह्या नावाचं. कागदावर. मराठीत, मले तेलुगू वाचता येत नाई."

भाऊजी अर्धं जेवण टाकून उठले आणि राजकुमारला शोधून काढलं. राजकुमार जिलबी खात होता. "आज नाई होत आबाजी," तो म्हणाला. "दुकानातली पिवळी शाई खतम झाली. साऱ्या कागदाइवर गनपती छापले ना. आता उद्या हैदराबादहून येईन तवा."

भाऊजी परत आले. ताई तशीच बसून होती. त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. हातातल्या चकचकीत कागदाची पाठ कोरी होती. तो त्यांनी गुडघ्यावर ठेवला आणि हातानं लिहायला लागले, हळूहळू, ओळीवर ओळ. मध्ये दोन ठिकाणी थांबले, आठवलं, पुन्हा लिहिलं. आठही कडवी संपली तेव्हा पंगती उठल्या होत्या आणि सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली होती.

मी सवयीनं चूक काढायला वाकले. ताईनं कागद ओढून घेतला, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि मला म्हणाली, "कौशल्या, तुले काव्यातलं काय समजते?"